गाडीच्या कपाळावरचा आकडा



यवत आणि केडगाव यांच्या मधोमध खुटबावचे लहानसे स्टेशन आहे. पुण्याहून डिकसळपर्यंतचा हा लोहमार्ग १८५८ साली वाहतुकीला खुला झाला. दौंड तालुक्याच्या या भागात अंगावर आकडा मिरवीत आलेले पहिले मोठे वाहन म्हणजे बहुधा ही आगगाडीच. आजही एखादी मालगाडी जाताना डब्याच्या कुशीकडे जरा निरखून बघा. तिथे अकरा आकडे ओळीने रंगवलेले दिसतील. पहिले दोन डब्याचा प्रकार सांगतात, पुढचे दोन तो कोणत्या रेल्वेचा ते, त्यापुढचे दोन तो कोणत्या साली बांधला ते. मग त्या डब्याचा स्वतःचा चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा एक आकडा आधीचे दहा बरोबर लिहिले आहेत की नाही याची पडताळणी करण्यासाठी. शाळेतल्या मुलांना गणिताच्या तासाला दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे. पण आज मी तिचा उल्लेख केला तो दुसऱ्याच कारणाने. हे अकरा आकडे डब्यावर बसवण्यासाठी रेल्वेने एकही भोक पाडलेले नाही. पत्रा तसाच, त्याच्यावर रंग.

मोटारगाडीचे मात्र तसे झाले नाही. गाडीच्या पुढच्या बाजूला नंबर कसा बसवायचा, हा प्रश्न वरवर पाहता अगदी किरकोळ. गॅरेजातला पोरगाही ड्रिल घेऊन दोन मिनिटांत सोडवील. तरी या दोन भोकांमागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या खेड्यापाड्यांचाही वाटा आहे.

मुळात वाहनाला आकडा कशाला? मोटार येण्याच्या किती तरी आधी मुंबईत भाड्याच्या घोडागाड्यांसाठी १८६३ साली कायदा झाला होता. गाडीवाल्याने परवाना घ्यावा, क्रमांक दिसेल असा लावावा, म्हणजे उतारूशी कुणी दांडगाई केली तर तक्रार कुणाविरुद्ध करायची ते कळेल. पुढे सायकली आल्या तेव्हा नगरपालिकांचा बिल्ला आला. पुण्यात एके काळी सायकलीच सायकली होत्या, आणि बिल्ला नसलेली सायकल पकडली जाई. तो बिल्ला सायकलच्या दांडीला तारेने नाहीतर पट्टीने जखडलेला असे. दांडीला भोक पाडण्याचा विचारही कुणी करीत नसे, कारण नळीला भोक पडले की नळी कमजोर झाली, हे सायकलवाल्याला पक्के ठाऊक होते.

मोटारीला पाटी लावण्याची सक्ती पहिल्यांदा पॅरिस शहरात झाली. १८९३ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या पोलिसांनी हुकूम काढला की मालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याचा क्रमांक असलेली धातूची पाटी गाडीवर हवी. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १९०१ साली गाडीवर मालकाच्या नावाची आद्याक्षरे लावायला सांगितली. ती कशाची करायची हे ज्याचे त्याने ठरवावे. कुणी चामड्याच्या तुकड्यावर पत्र्याची अक्षरे ठोकली, कुणी फळीवर रंगवली. एकाच आद्याक्षरांचे पाच-पंचवीस मालक निघाल्यावर काय गोंधळ झाला असेल, तो सांगायला नको! १९०३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने सरकारी पाट्या द्यायला सुरुवात केली. लोखंडी पत्र्यावर चिनी मातीसारखा लुकण चढवलेल्या. इंग्लंडात १९०३ चा कायदा १९०४ च्या पहिल्या जानेवारीपासून लागू झाला. तिथे पाटीऐवजी गाडीच्या सपाट भागावर थेट रंगवलेला आकडाही चालत असे. म्हणजे भोक न पाडण्याची मुभा अगदी आरंभापासून होती.

आपल्या देशात सबंध हिंदुस्थानसाठी मोटारींचा पहिला कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. या १९३९ च्या कायद्याने प्रांतांना अक्षरे वाटून दिली. मुंबई प्रांताच्या वाट्याला 'बी' हे अक्षर आले. जुन्या चित्रपटांत मुंबईच्या रस्त्यावरच्या गाड्यांवर 'बीएम'ने सुरू होणारे नंबर दिसतात, ते त्यामुळेच. पुढे १९८८ चा कायदा झाला, तो १ जुलै १९८९ पासून अमलात आला, आणि 'एमएच' ही आपली ओळख ठरली. पुण्याला १२ हा आकडा मिळाला. बारामतीच्या कार्यालयात नोंदलेल्या गाड्यांवर ४२ दिसतो. आपल्या भागात 'बेचाळीसची गाडी' म्हटले की एवढ्यावर माणसाला समजते.

आता गाडीच्या अंगाकडे वळू. १९४८ च्या १ जूनला पुणे आणि नगर यांच्या दरम्यान शिरूरमार्गे पहिली एस.टी. धावली. एस.टी.च्या कित्येक गाड्यांवर नंबर पुढच्या पत्र्यावर चौकट आखून रंगवलेला असे. मालमोटारींचेही तसेच. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो मोटारी निघत. तो कारखाना वालचंद हिराचंदांचा. शेजारच्या इंदापूर तालुक्यात ज्यांनी वालचंदनगर वसवले, तेच हे वालचंद. या मालमोटारींचे बंपर म्हणजे जाड लोखंडी पट्टा. त्यावर पेंटर खडूने रेघ मारी, वीतभर अंतरावरून नजर लावी आणि हात न कापता आकडे काढी. ट्रॅक्टर आले तेव्हा कुणी बॉनेटच्या बाजूवर, कुणी पुढच्या वजनाच्या लोखंडावर आकडा काढून घेतला.

फटफटीची गोष्ट गंमतीची आहे. १९५५ पासून मद्रासेत बुलेट तयार होऊ लागली. मागून जावा आणि राजदूत आल्या. यांच्या पुढच्या मडगार्डावर, चाकाच्या वाकाबरोबर वाकलेली, उभी पत्र्याची पट्टी असे आणि तिच्या दोन्ही अंगांना नंबर रंगवलेला असे. दिसायला मोठी ऐटदार, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी. पण कुणाला धक्का बसला तर ही पट्टी सुरीसारखी लागे. इंग्लंडाने याच काळजीने १९७५ मध्ये फटफटीच्या पुढच्या पाटीची सक्तीच काढून टाकली. आपल्याकडे ती काढली नाही, पण केंद्रीय नियमांनी पाटी आडवी, म्हणजे हँडलला समांतर, समोर तोंड करून लावायला सांगितले. मला हा निर्णय इंग्लंडापेक्षा शहाणपणाचा वाटतो. पट्टीची धार गेली आणि समोरून नंबर वाचण्याची सोय मात्र राहिली.

रंगवलेल्या आकड्याचा गुण असा की पत्रा शाबूत राहतो. दोष असा की ज्याच्या हाती कुंचला, त्याच्या हाती नंबर. चोरलेल्या गाडीचा तीनचा आठ करायला कितीसा वेळ लागतो? शिवाय हौस! ४१४१ या नंबराला थोडे वळण दिले की 'दादा' होतो आणि २१४ चा 'राम' होतो, हे आपल्याकडे पोरासोरांना पाठ आहे. गंमत म्हणून ठीक. पण रात्रीच्या वेळी अपघात झाला आणि बघणाऱ्याने पोलिसांना सांगितले की "गाडीवर दादा लिहिलं होतं", तर पोलिसांनी कोणत्या दादाला शोधावे?

ही थट्टा नव्हे, मंडळी. उसाच्या दिवसांत खुटबाव, केडगाव, यवत, पाटस या बाजूच्या रस्त्यांवर काय चालते ते आपण जाणता. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस कडेबाहेर आलेला. अशा वेळी ट्रॅक्टरची मागची पाटी ट्रॉलीच्या आड असते. ट्रॉलीवरची पाटी पाचटात झाकलेली असते. सबंध लांबलचक वाहनावर वाचता येण्याजोगा नंबर उरतो तो पुढचा, ट्रॅक्टरच्या तोंडावरचा. तोही पडलेला असेल तर? धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ताच लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेप्रमाणे मृताच्या घरच्यांना २ लाख रुपये मिळतात आणि गंभीर जखमीला ५० हजार. त्याआधी तर हे आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. नंबर कळला, वाहन सापडले, त्याचा विमा असला, तर न्यायाधिकरण मेलेल्या माणसाचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली तोंडे पाहून भरपाई ठरवते, आणि ती कित्येकदा याच्या अनेक पट असते. एखाद्या विधवेच्या घरात किती पैसे येणार हे अशा वेळी दोन बोल्टांवर ठरते. म्हणून पुढची पाटी पक्की हवी. अमेरिकेत वीसएक राज्यांत पुढची पाटी लागतच नाही, असे सांगणारे लोक भेटतात. ते खरे आहे. पण त्या राज्यांचा दाखला आपल्या उसाच्या रस्त्याला लागू पडत नाही.

पाटी पक्की हवी म्हणजे गाडीला भोक पाडलेच पाहिजे काय? इथेच आपले लोक घोटाळा करतात. काहींना वाटते भोकाशिवाय मजबुती नाही. काहींना गाडी इतकी प्यारी की ते पाटी काचेमागे ठेवतात, नाहीतर तारेने लोंबकळत सोडतात. दोघांचेही चुकते.

भोकाने काय बिघडते ते आधी पाहू. जुन्या फियाट आणि अँबॅसिडर गाड्यांचे बंपर चकचकीत असत. लोखंडावर निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा अगदी पातळ मुलामा. ड्रिल मारले की भोकाच्या कडेला उघडे लोखंड हवेला लागले. पावसाचे पाणी पाटीमागे साठते, तिथे ऊन पोचत नाही, आणि गंज मुलाम्याच्या खालून पसरत जातो. वर चकाकी, खाली पोखरण. शिक्षकमित्रांना हे वर्गात दाखवता येईल. डब्याच्या पत्र्याचे दोन सारखे तुकडे घ्या, दोन्हींना दोन्ही अंगांनी आणि कडांनाही सारखा तेलरंग लावा, वाळल्यावर एकाला खिळ्याने भोक पाडा, आणि दोन्ही ओल्या वाळूत ठेवा. पंधरवड्याने बाहेर काढून मुलांनाच विचारा, गंज कुठून सुरू झाला.

आजच्या मोटारींचे बंपर प्लॅस्टिकचे. ते गंजत नाहीत, पण भोकापाशी तडकतात. त्याहून मोठा धोका आतल्या बाजूला. बंपर किंवा जाळी यांच्या मागे फार अंतर न ठेवता रेडिएटर बसवलेला असतो; वातानुकूलित गाडीत त्याच्याही पुढे आणखी एक नळ्यांची जाळी असते. ड्रिलचे पाते निसटून बोटभर आत गेले की पाणी नाहीतर वायू बाहेर. ट्रॅक्टरच्या जाळीचेही तेच. चार आण्याचा बोल्ट बसवायला जाऊन रेडिएटर बदलण्याची पाळी येते, ती अशी.

मोटारी बनवणाऱ्यांनाही हा पेच पडला होता. १९६१ साली इंग्लंडात जॅग्वार कारखान्याने ई-टाइप नावाची नामांकित गाडी काढली. तिचे नाक लांब, उतरते, आणि टोकाला माशासारखे तोंड. त्या तोंडातून रेडिएटरला हवा जायची. पाटी तिथे टांगली तर हवा अडणार, आणि नाकावर बसवायला सपाट जागा नाही. मग तिथल्या मालकांनी नंबर सरळ बॉनेटच्या वाकावर चिकटवून टाकला, आणि तिथल्या कायद्याने तो चालवून घेतला. आपल्याकडे आज असे चिकटवलेले आकडे चालत नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

का चालत नाहीत? २००१ साली केंद्र सरकारने नियम बदलून उच्च सुरक्षा पाटी आणली. लोक तिला एचएसआरपी म्हणतात. ही पाटी एक मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची. डाव्या अंगाला वर अशोकचक्राचे चमकते चिन्ह, प्रत्येक बाजू वीस मिलिमीटर. खाली लेसरने कोरलेला पाटीचा स्वतःचा क्रमांक. आकडे दाबून उठवलेले, म्हणजे तीनचा आठ करायला नुसता कुंचला पुरायचा नाही. आणि मागच्या पाटीसाठी नियमाने असे कुलूप सांगितले आहे की एकदा दाबले की पुन्हा निघत नाही. काढायचे तर मोडावे लागते. २००१ चा नियम प्रत्यक्षात यायला मात्र फार वर्षे लागली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ही पाटी सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात पहिली मुदत ३१ मार्च २०२५ ची ठरली आणि ती पुढे अनेकदा वाढवावी लागली. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, बाकीच्यांना ७४५, वर कर, असा दर तेव्हा ठरवून दिला होता. गावोगावच्या पेंटरांची एक कला या पाटीबरोबर मागे पडली, याची हळहळ वाटते. पण नंबर हा कलेचा विषय नव्हे.

आता पाटीला भोके आहेत, तिला बोल्ट लागणार, रिबिट लागणार. मग भोक कुठे पाडायचे? माझे म्हणणे इतकेच की भोक गाडीला नको, पट्टीला पाडा. ही काही नवी युक्ती नाही. फियाट-अँबॅसिडरच्या काळात जाणते मिस्त्री असेच करीत. बंपर ज्या बोल्टांनी गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो, तो बोल्ट सैल करायचा, त्याखाली लोखंडी पट्टीचे टोक सरकवायचे आणि पुन्हा आवळायचे. अशा दोन पट्ट्या पुढे वाकवून आणल्या की पाटीला आधार तयार. बंपरला ओरखडाही नाही. पाटीची सगळी भोके त्या पट्टीत. पट्टी गंजली तर लोहाराकडे दुसरी करून मिळते. बंपर काही लोहाराकडे मिळत नाही.

ट्रॅक्टरला हे आणखी सोपे. पुढच्या अंगाला वजने अडकवण्याचा लोखंडी आधार असतो, त्याला कारखान्यातूनच बोल्ट आलेले असतात. त्याच बोल्टाखाली पट्टी घ्यावी. जाळीला हात लावू नये. मोटारींत पुष्कळ ठिकाणी कंपनीनेच पाटीच्या जागी खाचा किंवा भोके तयार ठेवलेली असतात आणि त्यावर प्लॅस्टिकची टोपणे बसवलेली असतात. ड्रिल उचलण्याआधी बोटाने चाचपून बघावे. काही गाड्यांच्या बंपरात एका बाजूला लहानसे चौकोनी झाकण दिसते. त्यामागे आटे पाडलेली नळी असते. गाडी बंद पडल्यावर ओढून नेण्याचा हूक तिथे फिरवून बसवतात. याच आट्यांत दांडा फिरवून त्यावर पाटीची चौकट बसवण्याची रीत परदेशात आहे. ती मजबूत आहे, पण गाडी ओढायची वेळ आली की ती चौकट आधी काढावी लागते. आपल्या रस्त्यांवर गाडी ओढायची वेळ किती वेळा येते, ते ज्याचे त्याने पाहावे. शिवाय पाटी एका कडेला जाते आणि तिरपी दिसते, म्हणून मी तरी मधल्या पट्टीच्याच बाजूचा आहे.

दोन्ही अंगांनी चिकटणाऱ्या टेपचा सध्या बोलबाला आहे. टेप धरते, नाही असे नाही. पण ती धरते स्वच्छ, कोरड्या, धूळ नसलेल्या जागी. आपल्या पांदीच्या रस्त्यावर वैशाखाची धूळ, आषाढाचा चिखल आणि गुऱ्हाळावरची चिकट मळी यांतून गेलेल्या गाडीला टेप लावणे म्हणजे ओल्या भिंतीवर कागद डकवणे. पट्टीच्या मागे धडधड थांबावी म्हणून तिचा तुकडा लावावा. पाटीचा सगळा भार तिच्यावर टाकू नये. तारेने बांधलेल्या पाटीचे त्याहून वाईट. मिलिमीटरभर ॲल्युमिनियम, त्याला खडबडीत रस्त्याची थरथर. तार भोकाला करवतीसारखी कापत जाते आणि एके दिवशी पाटीचा कोपराच तुटून पाटी पडते. पडली तरी चालवणाऱ्याला पत्ता नसतो. तो पाटसच्या टोलनाक्यावर नाहीतर पोलिसाने अडवल्यावर खाली उतरून बघतो.

बारीक गोष्ट आणखी एक. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियमची पाटी एकमेकांना भिडल्या आणि मध्ये ओल राहिली, तर ॲल्युमिनियम झिजू लागते आणि भोकाभोवती पांढरी पूड धरते. दोन निराळ्या धातूंमध्ये पाणी आले की बॅटरीसारखाच प्रकार होतो. म्हणून मध्ये रबराचा वायसर घालावा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल कापून घेतला तरी काम होते.

आणि पाटी हरवलीच, तर पेंटरकडून तशीच दुसरी रंगवून घेण्याचा मार्ग आता बंद आहे. पोलिसांत तक्रार द्यायची, तिची नक्कल जोडायची, आणि नव्या पाटीची मागणी नोंदवायची. नवी पाटी येईतो ट्रॅक्टर रस्त्यावर काढणे अडचणीचे, आणि कारखान्याची तोड चालू असली तर ट्रॉलीत भरलेला ऊस उन्हात वाळत राहतो. तेव्हा दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना पाना हातात असतोच. त्याच पान्याने पुढच्या पट्टीचे दोन बोल्ट आवळून घ्यावेत, पाटीवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसावा, आणि कुंकू लावायचे ते आकड्यांवर न लावता बॉनेटवर लावावे.